सदिच्छा भेट

खिशातला फोन पुन्हा थरथरला तेव्हा ओट्यावर कोणीच बोलत नव्हतं, त्यामुळे ती थरथर सगळ्यांना ऐकू गेली. हेमकांतने मान न उचलता खिशात हात घातला. मयताच्या दारावर आलेल्या माणसाने फोन काढू नये एवढी रीत त्याला कळत होती. पण तो काढला नाही तर दर थोड्या वेळाने असाच थरथरत राहणार, हेही त्याला ठाऊक होतं, कारण दोन महिन्यांपूर्वी 'आठवण करून देण्याची चांगली सोय' असं त्यानेच पुण्याला कंपनीला लिहून कळवलं होतं. त्याने फोन मांडीआड धरला. 'तुम्ही शांतीलाल पटेल यांच्या ठिकाणी आहात. भेट सुरू करायची?' त्याने हो दाबलं. 'भेटीचा उद्देश?' ऑर्डर, वसुली, तक्रार, प्रात्यक्षिक, सदिच्छा. अंगठा शेवटच्या शब्दावर गेला आणि फोन गप्प झाला. शेजारच्या सुकलालने त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. हेमकांतने फोन खिशात सरकवला, सदऱ्याची घडी नीट केली आणि ओट्याखाली काढलेल्या चपलांच्या रांगेकडे बघत राहिला. कुणाची तरी एक चप्पल उलटी पडली होती. ती सरळ करावी असं त्याच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी आपण काय करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं.

सुरू केलेली भेट बंद होते. घरापासून लांब गेलं की ॲपला ते कळतं, भेट संपली असं ते धरतं आणि ग्राहकाच्या फोनवर आपण होऊन निरोप पाठवतं. तो निरोप हेमकांतला पाठ होता. 'आजच्या भेटीबद्दल धन्यवाद! आम्ही लवकरच पुन्हा येऊ. भेट कशी वाटली, जरूर कळवा.' खाली पाच तारे. 'धन्यवाद'च्या पुढे ग्राहकाचं नाव. या घराचं खातं शांतीलालभाईंचं, पण निरोपासाठी नाव आणि नंबर होता त्यांच्या मुलाचा, भूपेशचा. शांतीलालभाईंना चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणून भूपेशनेच स्वतःचा नंबर घातला होता. आणि भूपेश मंगळवारी संध्याकाळी शहाद्याहून परतताना, मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मोटरसायकल आदळून गेला होता. हे सगळे त्याच्यासाठीच दारावर आले होते. तोही त्याच्यासाठीच आला होता. म्हणजे तसं त्याला वाटत होतं.

लवकरच पुन्हा येऊ. तापीकाठच्या कुठल्याही गावात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही की मयताच्या घरून उठताना 'येतो' म्हणू नये. बोलायचं नाही, नमस्कार नाही, पाणी घेतलं तर घेतलं, नाहीतर तसंच उठायचं, चपला पायात सरकवायच्या आणि मागे न बघता चालू लागायचं. या दारावर पुन्हा यायची वेळ येऊ नये, म्हणून. लहानपणी एकदा तो आईबरोबर कुणाच्या दारावर गेला होता आणि निघताना सवयीने 'येतो हां मावशी' म्हणाला होता. आईने त्याचा दंड असा आवळला की रात्रीपर्यंत बोटं उमटलेली होती. आणि आता भूपेशच्या घरात, भूपेशच्या फोनवर, भूपेशच्या नावाने त्याचा निरोप वाजणार होता की आम्ही लवकरच पुन्हा येऊ. फोन नूतनजवळ असणार. भूपेशची बायको. आत कुठल्या तरी अंधाऱ्या खोलीत ती बायकांच्या गराड्यात बसली असेल, आणि फोनचा उजेड तिच्या तोंडावर पडेल.

मग उठायचंच नाही, हे त्याला सुचलं. उठला नाही, घराच्या जवळपास राहिला, तर भेट चालूच राहील. सुचलं तेव्हा ते इतकं सोपं वाटलं की त्याने पाय आणखी पोटाशी ओढून घेतले. माणसं येत होती. चपला काढत, ओट्यावर टेकत, जमिनीकडे बघत. कुणीतरी विचारी, 'कसं जायनं?' आणि सुकलाल ट्रॉलीपासून सगळं सांगे, दर वेळी त्याच शब्दांत, तेवढ्याच हळू आवाजात. सुकलाल शांतीलालभाईंचा चुलतभाऊ, पलीकडच्याच घरातला. त्याला ते काम आपोआप मिळालं होतं. ऐकणारा 'देवनी मर्जी' म्हणे, थोडा वेळ बसे आणि न बोलता उठून जाई. शांतीलालभाई खांबाला टेकून बसले होते. ते कुणाकडेच बघत नव्हते. दर वेळी ट्रॉलीचं नाव निघालं की ते पायाच्या अंगठ्याने सतरंजीचा काठ दाबत आणि सोडत.

भेट फोनवरून थांबवता येते का, हा विचार हेमकांतने शांतपणे केला, कारण या ॲपची परीक्षा घ्यायचं काम कंपनीने त्यालाच दिलं होतं. ठिबकच्या नळ्या, फिल्टर, पंप विकणारी कंपनी. राज्यभर विक्रीची माणसं. या सगळ्यांच्या खिशात एकच ॲप घालायचं होतं. कोण कुठे गेला, किती वेळ बसला, काय बोलला, ग्राहक खूश आहे का. घ्यायच्या आधी ते कुठेतरी वापरून बघायचं तर नंदुरबार बरं, असं पुण्यात ठरलं, कारण इथे तापीचा सपाट पट्टाही आहे आणि वर सातपुडाही. नेटवर्क नसलेल्या ठिकाणी चाललं तर कुठेही चालेल. हेमकांतने ते वर मोलगीला नेलं होतं. बाजाराच्या दिवशी, जीपच्या टपावर माणसं, खाली कोंबड्या, आणि फोनमध्ये एकही रेघ नाही. तिथल्या भेटी ॲपने पोटात ठेवल्या आणि खाली खापरला पोचल्यावर एकदम ओकल्या. आठवडाभराने मोलगीचा दुकानदार जामसिंग कशाला तरी खापरला उतरला, तिथे त्याला निरोप मिळाला आणि त्याने घाबरून फोन केला, 'साहेब, तुम्ही मागच्या बाजारी येऊन गेलात. आज धन्यवाद कशाचे?' दोघं खूप हसले होते. हेमकांतने अहवालात लिहिलं: फोन बंद पडला, नेटवर्क गेलं, तरी निरोप जातोच. उत्तम. तेव्हा आता फोन बंद करण्यात अर्थ नव्हता. दार बंद आहे की नाही ते त्यानेच ढकलून पाहिलं होतं आणि वर कुलूपही घातलं होतं.

दुपारी तो लघवीचं निमित्त करून गोठ्याकडे गेला. नकाशावर घराभोवती एक फिकट गोल होता आणि त्यात तो निळा ठिपका होऊन उभा होता. गोठ्याच्या कोपऱ्याशी ठिपका गोलाच्या काठाला टेकला तसा तो थांबला. म्हशीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याने पुण्याला रुपा मॅडमना फोन लावला. ॲप निवडायचं काम त्यांच्याकडे होतं आणि उद्या दुपारी त्यांना त्याचा शेवटचा अहवाल हवा होता.

"बोला सर! तुमच्याच रिपोर्टची वाट बघतेय."

"एक विचारायचं होतं. भेट सुरू केली आणि... म्हणजे ग्राहकाला निरोप जाऊ द्यायचा नसेल, तर?"

"नाही जाऊ द्यायचा? का?"

"सहज. अहवालासाठी."

"नाही थांबवता येत सर. मग लोक खोट्या भेटी लावतील ना. तुम्ही अगदी आतच बसून राहिलात तरी सहा वाजता सिस्टिम सगळ्या उघड्या भेटी बंद करते आणि मेसेज जातो. आपण थांबवायचं म्हटलं तर त्यांच्या सपोर्टला लिहावं लागतं, उद्यापर्यंत उत्तर येतं. लिहू का? कुठला ग्राहक आहे?"

एवढंच सांगायचं होतं. मॅडम, त्या घरात मयत झालंय, मी दारावर आलोय. ती वाईट बाई नव्हती, तिने धावपळ केली असती. पण पुढचा प्रश्न त्याला ऐकू येत होता, तिने न विचारताच: मग तुम्ही दारावर बसून भेट लावली कशाला? "काही नाही मॅडम, राहू द्या," तो म्हणाला. म्हशीने शेपटी मारली. तो परत येऊन आपल्या जागी बसला. त्याची जागा कुणी घेतली नव्हती.

कशाला लावली? सवय, हे खरं होतं. पण सकाळी निघताना मोटरसायकलच्या डिकीतून तो पांढरा सदरा काढताना त्याच्या मनात आणखी एक गोष्ट येऊन गेली होती, आणि ती त्याने बघितली होती. परीक्षेचा आज शेवटचा दिवस. भेटी थोड्या कमी पडत होत्या. शांतीलालभाईंकडे जायचंच आहे, तर ती एक धरता येईल. विचार इतका बारीक होता की धूळ झटकावी तसा तो झटकला होता, आणि अंगठ्याने मात्र तो लक्षात ठेवला होता. तो सदराही तसाच. डिकीत बारा महिने एक पांढरा सदरा घडी घालून ठेवलेला असे, कारण कुणाच्या दारावर कधी जावं लागेल सांगता येत नाही. ही शिकवण शहाद्याच्या चुनीलालशेठची. त्यांच्या दुकानात हेमकांतने पहिल्यांदा नळ्या विकल्या. शेठ म्हणत, 'लग्नाला गेला नाहीस तरी चालेल रे. लग्नात हजार लोक, कोण आलं कोण नाही कुणाला आठवतं? दारावर जा. दारावर आलेल्या माणसाला घर विसरत नाही.' शेठ हे बोलताना कधी हसले नाहीत, त्यामुळे हा धर्म आहे की धंदा ते हेमकांतला तेव्हा कळलं नाही. नंतर विचारायची गरज पडली नाही. तो दारावर जात राहिला. बसत राहिला. त्याला वाईट वाटे. खरंच वाटे. आणि पुढच्या हंगामात ते घर दुसरीकडून नळी घेत नसे. दोन्ही खरं होतं. दोन्ही एकाच सदऱ्यात घडी घालून ठेवलेलं होतं, आणि ते उलगडून बघायची वेळ आजपर्यंत कुणी आणली नव्हती. या फोनने फक्त विचारलं, भेटीचा उद्देश?

त्याला रोहिणीची आठवण झाली. एकदा ती चिडून म्हणाली होती, "तुमी दारवर जातस का गिऱ्हाईकवर जातस, तुमले तरी समजस का?" बायको म्हणून बोलली असेल, तिच्या माहेरच्या एका मयताला तो गेला नव्हता, तेवढ्यावरून. त्याने ते हसण्यावारी नेलं होतं. आता ते शब्द या ओट्यावर त्याच्या शेजारी येऊन बसले. आणि बाकी सगळ्या दारांचं काय व्हायचं ते होवो, हे दार तसं नव्हतं, असं त्याला ओरडून सांगावंसं वाटलं. बन्सीलाल, त्याचे वडील, गेले तेव्हा कंपनीचे साहेब गाडीतून येऊन उभ्या उभ्या हात जोडून गेले. शांतीलालभाई मात्र जळगावच्या दवाखान्यापासून बरोबर होते. नात्याचे नाहीत, जातीचे नाहीत, ते गुजर, हा पाटील. सरण विझेपर्यंत थांबले आणि संध्याकाळी घरी येऊन, चूल न पेटलेल्या घरात, आपल्या घरून आणलेल्या खिचडीचा कडू घास त्यांनी हेमकांतला स्वतःच्या हाताने भरवला. तो घास भरवायचा मान भावाबंदांचा. हेमकांतला भाऊ नव्हता. भाईंनी कुणाला विचारलंही नाही. त्या बोटांना तंबाखूचा वास होता आणि घास खारट झाला होता तो कशाने हे दोघांनाही माहीत होतं. या घरात तो गिऱ्हाईकाचं घर म्हणून आला नव्हता. असं म्हणत असतानाच फोनमधला ठिपका त्याला दिसत होता, गोलाच्या मधोमध.

"हेमकांतभाऊ सकायपाइन बठेल शे," सुकलाल नव्या आलेल्या कुणाला तरी हळूच सांगत होता. "पानी बी लिन्हं नही त्यानी."

त्या माणसाने हेमकांतकडे आदराने पाहिलं. दारावर इतका वेळ कोणी बसत नाही, अगदी जवळचे सोडून. तो उठू शकत नव्हता आणि त्याचं न उठणं आता ओट्यावर मोठं होत चाललं होतं, शांतीलालभाईंपर्यंत पोचलं होतं. त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "आठे ये," ते म्हणाले. तो सरकून खांबाशी गेला. भाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. हात कोरडा आणि फार जड होता. "तू जाऊ नको. तू बठेल शे तं माले बरं वाटस." हेमकांतने मान हलवली. तेव्हाच सांगून टाकावं असं त्याला वाटलं. भाई, मन्हा हातथून चूक जायनी. सहा वाजता भूपेशना फोनवर एक निरोप येल, तो कोनी वाचू नका. दोनच वाक्यं होती. त्याने ती मनात जुळवली, अहिराणीतच, नीट. पण त्यांच्यापुढे तिसरं वाक्य उभं होतं: मी आठे बशीसन हजेरी लाई. ते तोंडातून निघेना. भाईंचा हात गुडघ्यावर होता तोवर तर नाहीच निघणार, आणि भाई हात काढत नव्हते.

ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं. आतून रडणं यायचं, थांबायचं. दुपार टळल्यावर दाराच्या फटीतून एक हात बाहेर आला, काचेच्या बांगड्या नसलेला, आणि त्याने भाईंच्या पुढ्यात एक फोन ठेवला. भाईंनी तो उचलून हेमकांतकडे दिला. "भूपेशना शे. नूतन रोज चार्ज करस. गावोगावना फोन येतस, त्या पोरले बोलाले जमत नही. तू बठेल शे तं तूच सांगी दे त्यासले."

हेमकांतच्या हातात भूपेशचा फोन आला. काचेला एका कोपऱ्यात तडा होता, बाकी काही झालं नव्हतं. पडद्यावर भूपेश आणि नूतन, मागे केळीची बाग. आणि हेमकांतला हायसं वाटलं. छातीवरचा दगड कुणी उचलावा तसं. फोन आपल्याच हातात आहे. सहा वाजता निरोप येईल, तो पुसून टाकायचा, कुणाला कळणार नाही. मेलेल्या माणसाचा फोन हातात आल्यावर आपल्याला पहिल्यांदा काय वाटलं, तर हायसं. हे त्याने स्वतःशी नीट शब्दांत म्हटलं, आणि तरीही हायसं वाटायचं थांबलं नाही.

फोन येऊ लागले. सुरतेचा केळीचा व्यापारी. शिरपूरचा कुणी मित्र, ज्याला काहीच ठाऊक नव्हतं, "काय भूप्या, कोठे शे?" म्हणून हसत सुरुवात करणारा. हेमकांत सांगत होता. भूपेश नही आते. मंगळवारले. हा, मोटरसायकलवर. पलीकडून नुसतं 'अरे'. प्रत्येक वेळी भूपेश पुन्हा एकदा जात होता आणि त्याला घालवायचं काम हेमकांतकडे आलं होतं. मधल्या वेळात त्याने स्वतःच्या फोनवर ते ॲप उघडलं. पटेल यांच्या नावाखाली मागच्या भेटी होत्या. भूपेशने जवळजवळ प्रत्येक वेळी पाचही तारे दिले होते. "काका, पाच चांदन्या दिन्ह्यात तुमले, आते तुमले बढती," असं तो फाटकातूनच ओरडायचा. ॲप मराठीतून दिसतं हे हेमकांतला दाखवलंही त्यानेच, बांधावर उभं राहून, चिखलाचा हात पँटला पुसून. एकाच भेटीला चार तारे होते. त्याखाली लिहिलं होतं: 'चहा न पिता गेले. एक कापला. भूपेश.' हेमकांत ते वाचत राहिला. त्या दिवशी त्याला पुढच्या भेटीची घाई होती.

अंगणात सावली पसरली. गुरं परतली. ओट्यावर तिघंच उरले, भाई, सुकलाल आणि तो. सहाला थोडं कमी होतं. हेमकांतने भूपेशचा फोन दोन्ही हातांत असा धरला की पडदा आपल्याकडे राहील. विहिरीत उतरलेला माणूस दोर हलायची वाट बघतो तसा तो वाट बघत होता. आणि तो आवाज झाला. एकच, टिंग. कंपनीच्या निरोपाला भूपेशने वेगळा आवाज लावला होता, घंटीसारखा, चेष्टेने, 'साहेबना निरोप' म्हणून. ओट्यावर तो फार स्वच्छ वाजला. आतलं रडणं थांबलं.

'आजच्या भेटीबद्दल धन्यवाद, भूपेशजी! आम्ही लवकरच पुन्हा येऊ.' हेमकांतचा अंगठा त्यावर गेला.

"काय उनं?" भाईंनी विचारलं. तो आवाज त्यांना ओळखीचा होता. "तुन्ही कंपनीना शे ना? ती घंटी कंपनीनीच. वाच बरं, काय म्हणतस?"

हेमकांतने भाईंकडे पाहिलं. चष्म्याविना त्यांचे डोळे पाणावल्यासारखे आणि उघडे दिसत होते, कुणी काहीही सांगावं असे. खरं सांगायची ही शेवटची जागा होती. याच्यापुढे रस्ता नव्हता हे त्याला कळलं, आणि त्याचं तोंड त्याच्या आधी बोललं. "कंपनीना निरोप शे भाई. म्हणतस, भूपेशभाऊ ग्या, आमले भलतं दुःख जायनं. आमी तुमना पाठीशी शेतस." आवाज कापरा झाला होता. तो कापरेपणा खरा होता, तरी तो खोट्याच्या कामी आला.

भाईंचा चेहरा हळूहळू मोडला. सकाळपासून पहिल्यांदाच. "दखा," ते सुकलालला म्हणाले, "कोठे पुना, कोठे आपलं गाव. त्यासले बी कळनं." आणि हेमकांत काही करायच्या आत त्यांनी त्याच्या हातातून फोन घेतला, उठले, उंबऱ्याशी जाऊन आत हात केला. "नूतन, हाई वाच व. तुन्ही सासूले वाची दखाड. हेमकांतनी कंपनीनं काय लिखेल शे."

दाराआड फोन गेला. हेमकांत अर्धा उठला आणि तसाच राहिला. आत काहीच आवाज नव्हता. वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला, आणि त्याहून थोडा अधिक. नूतन बारावी शिकलेली, तिला वाचायला वेळ लागत नाही. तिच्या सासूचा, जमनाबाईचा, थकलेला आवाज आला, "काय शे बेटा?"

मग नूतन वाचू लागली. हळू, एकेक शब्द, शाळेत धडा वाचतात तसा. "भूपेशभाऊ ग्या, आमले भलतं दुःख जायनं." ती थांबली. "आमी तुमना पाठीशी शेतस." पडद्यावर यातलं काहीच नव्हतं. दाराआडून जे तिने ऐकलं होतं ते ती, एक शब्द इकडचा तिकडे न करता, सासूला वाचून दाखवत होती. जमनाबाईला हुंदका फुटला, मग सगळ्या बायकांना. भाईंनी चौकटीला डोकं टेकलं. कोणी हेमकांतकडे पाहत नव्हतं.

तो उतरला. चपला शोधल्या. ती उलटी पडलेली चप्पल त्याचीच होती. तो काही बोलला नाही, नमस्कार केला नाही, मागे पाहिलं नाही. रीत त्याने शेवटपर्यंत पाळली. मोटरसायकल ढकलत गावाच्या फाट्यापर्यंत नेली आणि मगच चालू केली.

प्रकाशा गावच्या पुलावर त्याचा फोन थरथरला. त्याने गाडी कठड्याशी घेतली. खाली तापी करडी, जागच्या जागी थांबल्यासारखी. उसाची एक ट्रॉली त्याला घासून गेली, मागे दिवा नसलेली, आणि तिच्यामागे तो भूपेशसाठी रडला. सदऱ्याच्या बाहीत तोंड घालून, लहान मुलासारखा, कितीतरी वेळ. तिथे ते बघायला कोणी नव्हतं, कुठला गोल नव्हता आणि त्या रडण्याचा कुणालाच उपयोग नव्हता. मग त्याने फोन काढला. 'छान काम, हेमकांत! शांतीलाल पटेल यांनी तुमच्या भेटीला ५ तारे दिले.' तारे दिल्याशिवाय खालची चौकट उघडत नाही, आणि ताऱ्यांवर काकांची बढती असते असं ती नवऱ्याकडून ऐकत आली असणार. तिने ते पुरेपूर दिले होते. चौकटीत तिने एक ओळ लिहिली होती, घरातली बोली सोडून, शाळेच्या मराठीत.

'काका, आता पुन्हा येऊ नका. नूतन.'

त्या ओळीच्या वर, आधीच्या भेटीत, तो चहा न पिता गेला होता.

घरी पोचल्यावर रोहिणीने पांढरा सदरा धुवायला मागितला तर त्याने तो दिला नाही. डिकीत परतही ठेवला नाही, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि समोर बसून अहवाल उघडला. बहुतेक रकाने आधीच भरून झाले होते. वापरायला सोपं: होय. नेटवर्क नसताना चालतं: होय. खोट्या भेटी लावता येत नाहीत: होय. शेवटचा प्रश्न तेवढा आजसाठी ठेवला होता. ग्राहक मनापासून प्रतिसाद देतात का? आतून रोहिणी जेवायला हाक मारत होती. त्याने हो म्हटलं, आणि रकान्यात लिहिलं, देतात.